कामिनीवरचे खवले

खुब्याचं हाड जुळून दोन महिने झाले, तरी सरोजिनीबाई पलंग सोडायला तयार नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, "आता चाला." बाईंनी मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा पडण्याची धास्तीच तशी बसली होती. पलंगाशेजारच्या वॉकरवर ढुंढिराज टॉवेल वाळत घालू लागले. आपली बायको आता कायमची या खोलीतच राहणार, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

ढुंढिराज पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. अख्ख्या जिल्ह्याला पाणी सोडलं, पण गंगापूर रोडवरच्या स्वतःच्या अंगणात कधी तांब्याभर ओतलं नाही. बाग सरोजिनीबाईंची. त्यातही खिडकीसमोरची कामिनी फार लाडकी. बारा महिने हिरवीगार, फुलली की खोलीभर वास. बाईंचं बाहेरच्या जगाशी तेवढंच नातं उरलं होतं, आणि त्या वर्षी दिवाळीनंतर नेमकी तीच काळवंडली. पानं चिकट, त्यावर काजळी, खोडावर मुंग्यांची रांग.

ढुंढिराजांनी आधी खिडकीचा पडदा ओढला. मग कुठलाही नाशिककर करेल तेच केलं, द्राक्षवाल्याला विचारलं. दिंडोरीचे यादवराव, जुने स्नेही, पान चोळून ठामपणे म्हणाले, "बुरशी हाय ही. मोरचूद-चुना मारा. आमच्या बागेला लय चालतो." नाशकात माणसाला पडसं झालं तरी कोणीतरी फवारणी सुचवतोच. झाड निळंपांढरं झालं. काजळी मात्र नव्या पानांवरही चढली.

"पडदा का ओढलाय?" एका सकाळी बाईंनी विचारलं.

"ऊन येतं."

"अहो, खिडकी उत्तरेला आहे."

ढुंढिराजांनी मुकाट्याने एक फांदी तोडून आणली. बाईंनी पानांकडे पाहिलंही नाही. काडी फिरवली, सालीवरच्या तपकिरी गाठीखाली नख घातलं. गाठ टपकन सुटली, नखाला ओल लागली.

"ही साल नाही, खवलेकीड आहे. ढालीखाली बसून रस पिते. तिचा गोड चिकटा पानांवर पडतो, त्यावर ही काजळी धरते. मुंग्याही त्यासाठीच. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत."

"मग आता?"

"फार भरलेल्या फांद्या छाटून जाळा. बाकीच्या साबणाच्या पाण्याने, जुन्या ब्रशने घासा. उन्हं उतरली की कडुनिंबाचं तेल फवारा. पिल्लं निघतात, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा. आणि मेलेले खवलेही तसेच चिकटून राहतात, तेव्हा घाबरू नका."

पडदा उघडला. ढुंढिराज अंगणात स्टूल टाकून बसले आणि करपलेलं दुधाचं पातेलं घासावं तशी फांदी घासू लागले.

"अहो, हळू! साल निघेल!" खिडकीतून आवाज आला. "पेऱ्यापाशी राहिलेत बघा!"

"कुठे? मला दिसत नाहीत." यात खोटं काही नव्हतं, चष्म्यावर फेस उडाला होता.

आत वॉकर फरशीवर खरडला. ढुंढिराजांचा हात थांबला. बऱ्याच वेळाने सरोजिनीबाई दारात दिसल्या, घामाने डबडबलेल्या, वॉकर घट्ट धरलेला, नजर मात्र फांदीवर. धावत जाऊन धरावं असं ढुंढिराजांना फार वाटलं. पण आपण धरलं की ही तिथेच बसेल, एवढं ते इतक्या वर्षांच्या संसारात शिकले होते. डोळे भरून आले. त्यांनी तोंड फिरवलं आणि ब्रश मुद्दाम कोवळ्या शेंड्यावर दाबला.

"अगंबाई, कोंब मोडाल!" बाईंनी एक पाऊल टाकलं. मग आणखी एक.

झाडाजवळ पोचल्यावर त्यांना दम लागला होता. नवऱ्याकडे निरखून पाहत त्या म्हणाल्या, "मुद्दाम करत होतात ना?"

"हो," ढुंढिराज म्हणाले. "अंगणात मला एकट्याला करमत नाही गं."

बाईंनी हात पुढे केला.

"द्या तो ब्रश इकडे. आणि उठा, स्टूल मला लागेल."