नळाखाली धुतलेली बाटली

मंगळवारी सकाळी लीलाबाई उखळात शेंगांची चटणी कुटत होत्या. मध्येच मुसळ ठेवून त्यांनी पोटाची उजवी बाजू दाबली आणि पुन्हा कुटू लागल्या.

भांडी घासायला आलेली केराबाई म्हणाली, "वैनी, सरवदे डागदरला दावा की. माज्या नातीच्या पोटाला हात लावला अन् दुखणं वळखलं. लई हुशार हाय."

"चार घरं पुढेच तर आहेत," लेक पद्मजा म्हणाली.

"गप गं, तुझे अण्णा ऐकतील." आई हसली.

अण्णा म्हणजे वेणीमाधव गुरुजी. शाळेत ते समतेवर असं बोलत की टाळ्या थांबत नसत. सरवदे नवबौद्ध. एका खोलीचा दवाखाना ते एकटेच चालवत. पण गल्लीतलं प्रत्येक दुखणं त्यांना माणसासकट ठाऊक. अण्णांना त्यांचं औषध चाले, डॉक्टर चालत नसत. अण्णा स्वतः जाऊन दुखणं सांगत, बाटली आणत, पद्मजा ती नळाखाली धुऊन आत घेई. आतलं औषध मात्र न धुता पोटात जाई. अण्णांचं सोवळं बुचापाशी संपत असे.

संध्याकाळी आईला उलट्या झाल्या, ताप चढला. अण्णांबरोबर पद्मजाही दवाखान्यात गेली.

"गुरुजी, पोट तपासल्याशिवाय औषध देणार नाही. मी येतो," म्हणत डॉक्टरांनी चपला घातल्या.

"घरात देव आहेत, डॉक्टर. तुम्ही बाटली भरा."

"मग मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच. आणि जुलाबाचं काही देऊ नका."

"मला शिकवतो!" घरी येताच अण्णांनी एरंडेल काढलं. वाटी पद्मजाने धरली.

गुरुवारी दुपारी आई गेली. अपेंडिक्स फुटलं होतं.

तेराव्याला मोहोळचे काका पानावर बसताना हळहळले. "नशीब, दुसरं काय!"

"वेळच मिळाला नाही हो," अण्णा म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी पांढराशुभ्र रुमाल आणला होता.

वाढता वाढता पद्मजा थांबली. तिने पातेलं खाली ठेवलं.

"वेळ होता, अण्णा. डॉक्टर चपला घालून उभे होते. जुलाब देऊ नका म्हणाले, ते मीही ऐकलं. तरी वाटी धरली." पंगतीतले हात थबकले. "आणि बुधवारी सकाळी आई माझ्या कानात म्हणाली होती, 'बोलाव गं त्यांना, मला जगायचंय.' तुम्हाला भिऊन मी चार घरं चालत गेले नाही."