दोघांना लागणारा वेळ

सलग तिसऱ्या आठवड्यात एका जोडप्याचे जेवणाचे टेबल हातचे गेले, तेव्हा मालकांनी नकाशाताईंना आत बोलावून घेतले.

तशी त्यांना आत बोलावण्याची वेळ अकरा वर्षांत फारशी आली नव्हती. कचेरी तीन खोल्यांची. पुढच्या खोलीत फोनवाली, शेवटच्या खोलीत मालक आणि मधल्या अरुंद खोलीत, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, नकाशाताई. बाहेरगावाहून दोन दिवसांसाठी शहर पाहायला येणाऱ्या जोडप्यांना सहल आखून देणे हे त्यांचे काम. सकाळी काय पाहायचे, दुपारी कुठे टेकायचे, संध्याकाळी कुठे बसून वाइनचा एखादा पेला घ्यायचा, मग कुठे जेवायचे, आणि मुख्य म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती मिनिटे लागतात. ही मिनिटे त्या पुस्तकातून घेत नसत, फोनवरच्या नकाशातूनही नाही. दर शनिवारी रबरी तळाचे बूट घालून, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, त्या स्वतः सगळी वाट चालत. संग्रहालयाच्या दारापासून बागेच्या फाटकापर्यंत चौदा मिनिटे. तिथून मनोऱ्याच्या पायथ्याशी नऊ. मनोऱ्याच्या पायऱ्या एकशे ब्याऐंशी. चढायला अकरा मिनिटे, उतरायला सहा. सगळे वहीत नोंदलेले असे. त्यांचे खरे नाव आता फक्त पगारपत्रकावर उरले होते.

मालक वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. ते रागावले नाहीत, आणि तेच नकाशाताईंना जास्त लागले. त्यांनी तिन्ही तक्रारी शांतपणे वाचून दाखवल्या. टेबल साडेसातचे होते. पहिले जोडपे आठला पोचले, दुसरे सव्वाआठला. तिसरे भांडतच पोचले. नवरा म्हणत होता, तू प्रत्येक दुकानापाशी थांबलीस. बायको म्हणत होती, तू कुठेच थांबला नाहीस. पूर्वी रेस्टॉरंटवाले तासभर टेबल धरून ठेवत. या वर्षी गर्दी वाढली आणि त्यांनी दहा मिनिटांची मर्यादा घातली. खिडकीजवळची टेबले मिळावीत म्हणून नकाशाताईंनीच या मर्यादेला हो म्हटले होते. आपली माणसे उशिरा पोचतील हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

मालक म्हणाले की त्यांनी परवा स्वतः ती वाट चालून पाहिली. एकटे गेले तेव्हा अगदी ठोक्याला पोचले. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेले, तर पाऊण तास उशीर.

"ताई, तुमच्या मिनिटांत काही खोट नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही एकीचा वेळ मोजता. आपण विकतो दोघांचा."

पुढच्या सोमवारी नदीकाठची नवी सहल तयार हवी होती. ती नीट जमली तर प्रश्नच नाही. नाही जमली, तर आखणीचे काम संगणकाकडे द्यायचे आणि ताईंनी पुढच्या खोलीत तिकिटांच्या टेबलावर बसायचे, असे मालकांनी ठरवले होते. पगार तोच राहील, हे त्यांनी दोनदा सांगितले. "या शनिवारी कुणाला तरी बरोबर घेऊन चाला, म्हणजे झालं."

दार उघडेच होते. बाहेर फोनवालीचे टाइप करणे थांबले.

"घेते की," नकाशाताई म्हणाल्या, जणू काही घरी माणसांची रांग लागली होती.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्यांनी दिव्याखाली बसून फोनमधली नावे एकेक करून पाहिली. निम्मी रेस्टॉरंटे आणि तिकीटखिडक्या. मग नळवाला, दातांचे डॉक्टर, खालच्या मजल्यावरची शिलाईवाली, जी गुडघ्यांमुळे जिनासुद्धा टाळायची. लग्न केले नव्हते. आई होती तोवर आईचे करण्यात दिवस गेले, आणि नंतर शनिवारचे चालणे सुरू झाले. चालणे हेच त्यांचे बाहेर जाणे होते. शहरातली सगळी चांगली टेबले त्यांना ठाऊक होती, आणि त्यांतल्या एकावरही त्या कुणाबरोबर बसल्या नव्हत्या. तिकिटांच्या टेबलाचा विचार आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पगार आला नाही, शनिवार आले. रिकामे, एकापुढे एक.

नावांच्या यादीत 'अक्का' होते. मोठी बहीण जाऊन चार वर्षे झाली, तरी तो नंबर पुसायला हात धजला नव्हता. त्याच्या खाली होते 'भावोजी'.

भावोजींशी चार वर्षांत मोजून पाच-सहा वेळा बोलणे झाले असेल, तेही कागदपत्रांपुरते. अक्काला एका शनिवारी सकाळी दवाखान्यात नेले आणि दुपारी चारला ती गेली. नकाशाताईंना फोन आला पाच वाजता. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, एवढ्या वेळात या माणसाला एक फोन करता आला नाही, हे त्यांनी मनात धरून ठेवले होते. बोलून मात्र कधी दाखवले नव्हते.

त्यांनी फोन लावला. सगळे कारण सांगितले. भावोजींनी एवढेच विचारले, किती वाजता यायचं.

शनिवारी दोन वाजता ते जुन्या होड्यांच्या संग्रहालयापाशी आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात झिजलेले पण चकचकीत बूट. भावोजींनी तेहतीस वर्षे पाणीखात्यात मीटर वाचण्याचे काम केले होते. दिवसाला दीडशे घरे, दारात उभे राहायचे, आकडा लिहायचा, पुढे व्हायचे. ती चाल अजून पायांत होती. होड्यांचे संग्रहालय त्यांनी बावीस मिनिटांत आटोपले. नकाशाताईंना एकटीला चाळीस लागली होती. लाकडी पुलावर ते मध्ये थांबलेच नाहीत. काठावरच्या जुन्या इमारतींची कोरीव गवाक्षे पाहायला लोक लांबून येतात, पण भावोजींची नजर जमिनीपासून हातभर उंचीच्या वर जाईना.

"याचा मीटर मागच्या जिन्याखाली," ते मधूनच सांगत. किंवा, "इथे कुत्रा होता. वाईट होता."

याखेरीज बोलणे नाही. नकाशाताईंनाही काही सुचत नव्हते. मनातला एकच प्रश्न इतका मोठा होता की त्याच्या आजूबाजूने दुसरे काही बाहेर पडेना. एकट्या चालत तेव्हा त्या निदान कुठे फुलांपाशी, कुठे पाण्यापाशी उभ्या तरी राहत; शेजारी गप्प माणूस असताना उभे राहायचीही चोरी. काचेच्या वनस्पतीगृहातून दोघे असे बाहेर पडले की तिकीट फाडणाऱ्याने काही राहिले का म्हणून विचारले.

नदीवरच्या गच्चीत बसून पेला घेण्याची वेळ सहाची ठेवली होती. दोघे दारापाशी पोचले तेव्हा घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती आणि दाराला कुलूप होते.

नकाशाताईंनी वहीत वेळ लिहिली आणि त्यांच्या लक्षात आले की सगळा दिवस फुकट गेला. दोघे असून त्या एकटीपेक्षा पन्नास मिनिटे लवकर पोचल्या होत्या. हे आकडे मालकांना दाखवले तर ते हसतील तरी, नाहीतर सरळ तिकिटांच्या टेबलाची किल्ली देतील.

"आता?" भावोजींनी विचारले.

"आता थांबायचं. सहाला उघडतात."

दाराशेजारी नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. तिथे दोघे बसले, मध्ये वही. समोरून एक रिकामी बोट गेली. मग भावोजी म्हणाले की ते एक तारखेला मुलाकडे राहायला जाणार आहेत, दुसऱ्या गावी. खोली रिकामी करणे चालू आहे. अक्काच्या साड्या तेवढ्या कुणाला द्यायच्या हे ठरत नव्हते, म्हणून भेटायचे मनात होतेच, तेवढ्यात नकाशाताईंचाच फोन आला.

"कायमचे जाताय?"

"मुलगा म्हणतो कायमचे. सून म्हणते बघू."

नकाशाताईंना हसू आले, आणि त्या हसण्याबरोबरच इतक्या वर्षांचा प्रश्न बाहेर पडला. आज नाही विचारला तर पुन्हा विचारायला हा माणूस गावात नसणार होता.

"भावोजी, त्या दिवशी मला सकाळीच का नाही कळवलंत?"

भावोजींनी बुटावरची धूळ बोटाने पुसली.

"फोन हातात घेतला होता मी," ते म्हणाले. "तिनेच नको म्हटलं. म्हणाली, आज शनिवार, धाकटी चालत असेल. मध्येच थांबवलं तर तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल. संध्याकाळी येईलच ती."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस ठेवून घेऊ. मला वाटलं, वेळ आहे."

खालच्या पायरीवर पाणी येत होते आणि जात होते.

"चार वर्षांत सांगितलं का नाहीत मग?"

"सांगून काय झालं असतं, धाकटे? तुझा राग माझ्यावर होता तोवर बरा होता. तो तुझ्यावरच उलटला असता."

नकाशाताईंनी तोंड नदीकडे फिरवले. भावोजींनीही त्यांच्याकडे पाहिले नाही. मग ते आपणहून बोलू लागले, तेहतीस वर्षे दारोदार मोजकेच बोललेला माणूस बोलू लागतो तसे, अडखळत आणि न थांबता. अक्का शेवटपर्यंत पत्त्यांत लबाडी करायची. शेजारणीशी भांडली की रागाने डबे घासायची. धाकटीने आखलेली प्रत्येक सहल ती छापील कागद मागवून वाचायची, आणि एकदा आपणही असे दोन दिवस जाऊ म्हणायची. "मी म्हणायचो, याच गावात राहतो आपण, सहल कसली?" गच्ची उघडली, लोक वर गेले, दिवे लागले, तरी दोघे पायरीवरच होते. साडेसहाला वर जाऊन त्यांनी एकेक वाइन मागवली. भावोजींनी आयुष्यात प्रथमच चाखली आणि पाण्यात काहीतरी मिसळलंय, तक्रार करायला हवी, असा शेरा मारला. नकाशाताई इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिले. मग त्यांनी अक्काच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या, ज्या भावोजींना माहीत नव्हत्या. घड्याळाकडे पाहायचे त्या पार विसरून गेल्या.

रेस्टॉरंटच्या दारात दोघे पोचले तेव्हा आठला दहा मिनिटे होती. त्यांच्यासाठी साडेसातला राखलेल्या खिडकीजवळच्या टेबलावर दुसरेच दोघे सूप पीत होते.

दारावरचा व्यवस्थापक नकाशाताईंना चांगला ओळखत होता. त्याला फार अवघड झाले. नऊपर्यंत एकही खुर्ची नाही, तो म्हणाला, आणि मग हळूच, "ताई, दहा मिनिटांचं तुम्हीच कबूल केलं होतं."

"बरोबर केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतले.

भावोजींची शेवटची बस साडेआठची होती. थांब्याजवळच्या दुकानातून त्यांनी दोन पाव आणि चीज घेतले आणि उभ्यानेच खाल्ले. बस आली. साड्यांचे गाठोडे बुधवारी पाठवतो, असे ते पायरीवरून म्हणाले. आणखी काही म्हणणार होते, पण मागे लोक होते.

सोमवारी मालकांनी नवी आखणी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवले. वनस्पतीगृहानंतर, गच्चीच्या आधी, पाऊण तासाची जागा होती आणि तिच्यापुढे लिहिले होते: नदीकाठच्या पायऱ्या.

"इथे बघण्यासारखं काय आहे?"

"काही नाही."

"मग लोकांनी करायचं काय?"

"ते त्यांचं त्यांना सुचेल. नाही सुचलं तर पोचतील लवकर, पण टेबल जायचं नाही."

मालकांनी थोडा विचार करून सही केली. पुढच्या दोन शनिवारी चार जोडप्यांनी ती सहल केली. चारही जोडप्यांची टेबले राहिली. आखणीचे काम नकाशाताईंकडेच राहिले, आणि फोनवालीने त्यांच्या टेबलावर न सांगता चहा आणून ठेवला. मालक खुशीत होते. आता रेल्वेरुळांपलीकडचा जुना बाजार आखायला घ्या, ते म्हणाले, त्या दिवशीच्या सोबत्यालाच घेऊन जा.

"हो," नकाशाताई म्हणाल्या. भावोजी दोन दिवसांपूर्वीच गेले होते.

शनिवारी त्या एकट्याच बाजाराच्या कमानीपाशी उभ्या राहिल्या. दहा-पंधरा मिनिटांनी एक जोडपे आले, साधारण चाळिशीचे, हातात कागदी पिशवी. नकाशाताईंनी घड्याळ पाहिले आणि वीस पावले अंतर ठेवून त्यांच्या मागून चालू लागल्या. ते दिव्यांच्या दुकानापाशी थांबले, त्याही अलीकडे थांबल्या: चार मिनिटे. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे की उजवीकडे यावर त्यांची हुज्जत झाली: तीन मिनिटे. बाई कशावर तरी हसत भिंतीला टेकली आणि पुरुष पिशवी सावरत नुसता उभा राहिला. ते किती लिहायचे हे नकाशाताईंना पटकन ठरवता येईना.

तेवढ्यात बाईचे त्यांच्याकडे लक्ष गेले. ती सरळ चालत आली आणि आमचा एक फोटो काढाल का, असे विचारू लागली. नकाशाताईंनी वही काखेत धरली, फोन घेतला, दोघांना थोडे उजेडात सरकायला सांगितले आणि एक हुकला तर असावा म्हणून दोन फोटो काढले. आभार मानून ती दोघे पुढे निघाली.

'फोटो, दोन मिनिटे,' असे त्यांनी वहीत लिहिले, आणि ती दोघे वीस पावले पुढे जाईपर्यंत थांबून राहिल्या.