एका तावावरची दोन झाडं

आईच्या नावाचं झाड जगात एकच होतं, आणि तेही वाळलेलं. वनस्पतींच्या संग्रहालयात, लोखंडी कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासात, कागदाच्या जाड तावावर चिकटवलेली एक फांदी: सात पानं, दोन फुलं. बाबांनी तरुणपणी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला बायकोचं नाव दिलं. लोक बायकोला फार तर फुलं देतात, या गृहस्थांनी अख्खी जातच दिली, अशी थट्टा संस्थेत अजून चालायची.

तीच फांदी आता मुलीच्या जिवाला घोर लावून बसली होती. मुलगी त्याच संस्थेत, वरच्या मजल्यावर, जनुकांवरून झाडांचा वंशवृक्ष मांडायचं काम करी. त्या फांदीच्या कुळातल्या चाळीस जाती मुकाट्यानं आपापल्या जागी बसल्या. आईचं झाड तेवढं बसेना. पानाचा कण तपासला, तर तो कुंपणाला उगवणाऱ्या एका साध्या झुडपाचा निघाला. नमुन्यांची सरमिसळ झाली असेल म्हणून तिनं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. मग हट्टाला पेटून तिनं फुलाचा कण घेतला, तर तो दुसऱ्याच झुडपाचा. एकाच्या फांदीवर दुसऱ्याचं फूल चिकटवलेलं होतं. अशी जात कधी नव्हतीच.

आणि त्या काळात तावांवर सगळे नमुने आईच चिकटवायची. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलीचा शोधनिबंध छापला की आईचं नाव जातींच्या यादीतून जाणार, आणि तेही तिच्याच हातच्या चुकीनं. मुलीनं आठ दिवस चालढकल केली. रविवारी सकाळी मात्र कागद घेऊन ती बाबांसमोर बसली.

बाबांनी भिंग लावून सगळं वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

"आईच्या हातून चुकून झालं असेल," मुलगी म्हणाली. "एका दिवसात किती ताव लावायची ती. फूल गळालं असेल, दुसऱ्या पुडीतलं लागलं असेल."

इथे बाबा गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मेलेलं माणूस काही उठून सांगायला येत नाही. पण त्यांनी कागद बाजूला सारले.

"ती फुलं मीच लावायला सांगितली," ते म्हणाले. "ती म्हणाली होती, ही या फांदीची नाहीत, देठ बसत नाही. मी म्हटलं, तू आपला डिंक लाव, झाडांचं मला कळतं. फार लागलं तिला. म्हणून मग तिचं नाव दिलं."

लहानपणापासून मुलीला ही गोष्ट प्रेमाची म्हणून सांगितली गेली होती.

"लिही तू," बाबा म्हणाले. "तिनं तेव्हाच ओळखलं होतं, हेही लिही."

"निबंधात असलं लिहीत नाहीत, बाबा."

त्यांनी मान हलवली.

"त्या जातीचं दुसरं झाड सापडावं म्हणून मी तीस वर्षं डोंगर पालथे घातले," ते म्हणाले. "दर वर्षी ती सोबत यायची. गुडघे गेले तरी यायची. एकदाही म्हणाली नाही, की नाहीये ते."