कानाला लावायचे वल्हे

मी एक जुने वल्हे आहे. पाण्यात मारायचे कमी आणि कानाला लावायचे जास्त. हसू नका मित्रांनो! मलेशियातल्या आमच्या तेरेंगानूच्या किनाऱ्यावर एके काळी माझ्यासारख्या वल्ह्याला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाइतका मान होता.

मला चेंगालच्या लाकडातून घडवले. हे लाकूड इतके चिवट, की मला तासता तासता माझ्या मालकाच्या, देरामानच्या, वडिलांनी निम्म्या गावाला शिव्या घातल्या. पण मूठ मात्र त्यांनी जिवापाड मेहनतीने घोटली. गोल, गुळगुळीत, कानावर नेमकी बसेल अशी. मरताना त्यांनी मला देरामानच्या हाती दिले, आणि तेव्हापासून देरामान गावचा मासे ऐकणारा झाला.

होडी थांबली की तो मला उभे पाण्यात सोडायचा, मुठीला उजवा कान लावायचा आणि डोळे मिटायचा. खालची सगळी कुजबुज माझ्या अंगातून वर चढायची. कोळंबीची चुरचुर, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. शिंगाळ्याची कुरकुर. खडकाआडच्या मोठ्या माशाचा एकच धप्पकन आवाज. आणि सगळ्यात लाडका गेलामा, ज्याला तुम्ही ढोमा म्हणता. हजारोंनी जमून तो दारावर टकटक करावी तसा वाजायचा. देरामान त्यातून जात ओळखायचा, दिशा सांगायचा, थवा येतोय की जातोय तेही सांगायचा.

होडीत एक नियम होता. देरामान माशाचे नाव मोठ्याने घेईपर्यंत कुणी कोणत्याही माशाचे नाव तोंडातून काढायचे नाही. एकदा हसबुल्ला नावाच्या एका उतावळ्याला राहवले नाही. "बांगडाच असणार हो!" तो म्हणाला.

देरामानने मला शांतपणे वर ओढले. "अरे वा, तुला तर वल्ह्याशिवाय ऐकू येतं! मग ऐक की. मी आपला भात खाऊन घेतो."

आणि खरोखर तो डबा उघडून बसला. त्या दिवशी सगळी होडी रिकामी परतली आणि हसबुल्लाला पुढे वर्षभर गावातल्या पोरीबाळीही 'बांगडा' म्हणून हाका मारत. काय दिवस होते ते! देरामानने "गेलामा!" असे म्हटले की बारा माणसे एकदम जाळ्याकडे धावत. त्या शब्दाने माझे अंग शहारायचे. आजही आठवले की शहारते.

मग ट्रॉलर आले.

त्यांची जाळी समुद्राचा तळ खरवडत जायची. हवे ते आणि नको ते, सगळे एकाच पिशवीत. धक्क्यावर आले की मोठी कोळंबी आणि चांगले मासे बर्फात जायचे. उरलेला ढीग फावड्याने बाजूला. त्यात बोटभर पाकटे असत, समुद्रघोडे असत, नुकते कुठे पोहायला शिकलेले गेलामे असत. त्या ढिगाला आमच्याकडे 'इकान बाजा' म्हणतात, म्हणजे खताचे मासे. ज्यांची एकेकाची नावे घ्यायला देरामान डोळे मिटून बसायचा, त्या सगळ्यांना मिळून आता हे एकच नाव होते.

देरामानची मुलगी सेलामा माशाचे केरोपोक, म्हणजे तळायचे पापड, करून विकायची. तिचा नवरा रामली ट्रॉलरवर लागला. तो मनाने वाईट नव्हता. होडीतून रिकाम्या हाताने किती दिवस परतणार? सासऱ्याने त्याला अडवले नाही, कारण सासऱ्याला तेव्हा वेगळीच काळजी लागली होती.

देरामानला ऐकू येईनासे झाले होते.

तो मला पाण्यात सोडायचा, कान लावायचा, आणि वर काहीच चढायचे नाही. आधी त्याने कान झटकला. मग डावा कान लावून पाहिला. सेलामाने कोमट खोबरेल तेलाचे थेंब घातले. काही उपयोग झाला नाही. शेवटी एके दिवशी, सगळी होडी श्वास रोखून बसलेली असताना, तो मान खाली घालून म्हणाला, "माझे कान गेले रे. तुम्ही दुसरा माणूस बघा."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडावेसे वाटले. त्याचे कान धडधाकट होते! माझ्या अंगातून चढायला खाली काही उरलेच नव्हते. पण वल्ह्याला आवाज कुठला? मी फक्त दुसऱ्याचा आवाज पोहोचवणारे.

त्या दिवसापासून तो घराच्या ओट्यावर बसू लागला. गावाने त्याला बहिरा ठरवले आणि त्यानेही ते मानून घेतले. कॉफीच्या दुकानात लोक त्याच्याशी ओरडून बोलत. तो मान हलवी. मासे ऐकू येत नसतील तर बाकीचे ऐकून करायचे काय, असे त्याच्या मनाने घेतले होते. मला सेलामाने स्वयंपाकघराबाहेर कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू लावून उभे केले. लुंगीसारखे ओले सारोंग माझ्या तोंडावर फडफडायचे. अशी दहा वर्षे गेली.

एका शुक्रवारी दुपारी रामली बदकांसाठी बादलीभर खताचे मासे घेऊन आला. सेलामाने बादलीत हात घातला आणि एकदम आवाज खाली आणला.

"अहो, ही तर गेलामाची पिल्लं! अंगठ्याएवढीसुद्धा नाहीत."

"हळू बोल," रामली पुटपुटला. सासऱ्याला तोही सेलामासारखाच आयाह, म्हणजे बाबा, म्हणायचा. "आयाहना कळायला नको. उगाच जीव तुटेल म्हाताऱ्याचा."

"त्यांना कुठलं ऐकू येतंय? तुम्ही पण ना!"

ओट्यावरून आवाज आला, "किती आहेत?"

दोघेही जागच्या जागी थिजले. मध्ये पडवी होती, भिंत होती, कोंबड्यांचा कलकलाट होता. देरामानही दचकला होता. आपणच काय बोललो ते त्याला क्षणभराने समजले. त्याने हळूच कानाला हात लावला.

"आयाह, तुम्हाला ऐकू आलं?" सेलामा बाहेर धावली. ती रडत होती आणि हसतही होती. "अहो, कान चांगले आहेत तुमचे!"

"हो ना," देरामान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. "पोरी, बहिरा असतो तर बरं झालं असतं गं."

तो उठला. वाळत घातलेले सारोंग सरळ मातीत पाडून त्याने मला उचलले आणि रामलीला म्हणाला, "चल. होडी काढ."

तळाशी गाळ असलेल्या, नदीच्या मुखाजवळच्या गेलामाच्या जुन्या जागी आम्ही थांबलो. दहा वर्षांनी मला पाणी लागले. देरामानने मूठ स्वतःच्या कानाला लावली नाही. ती जावयापुढे केली.

"ऐक. आणि नाव सांग."

रामलीने डोळे मिटले. मुठीला कान लावला.

"इंजिन," तो म्हणाला. "लांबवर ट्रॉलर चाललाय. आमच्यासारखाच."

"त्याच्या खाली?"

रामली पुन्हा ऐकू लागला. त्याने कान मुठीवर आणखी घट्ट दाबला.

"काहीच नाही, आयाह."

"मलाही हेच ऐकू येत होतं," देरामान म्हणाला. "मी आपल्या कानांना दोष देत बसलो."

त्यानंतर रामलीने ट्रॉलरच्या मालकाशी भांडण काढले. नदीच्या मुखाशी जाळे ओढणार नाही, म्हणाला. मालकाने त्याला घरी बसवले. आता तो जुन्या होडीने जातो, थोडे आणतो, आणि दर शुक्रवारी सासऱ्याला घेऊन त्याच जागी थांबतो. गाव हसते, हसू दे.

गेल्या महिन्यात माझ्या अंगातून काहीतरी चढले. टक. मग थोड्या वेळाने, टकटक. रामलीने मुठीवरचा कान काढला. त्याने मूठ देरामानकडे दिली. म्हाताऱ्याने ऐकले आणि त्याचे ओठ उघडले, पूर्वीसारखेच. पण नाव काही त्याने उच्चारले नाही. दूरवर ट्रॉलरचे इंजिन वाजत होते. त्याने बोट ओठांवर ठेवले आणि मला अलगद वर ओढले.

मित्रांनो, मी आता चिरलेले, रंग उडालेले वल्हे आहे, फार दिवस टिकणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. समुद्र गप्प झाला तर आधी आपले कान तपासू नका, पाण्यात काय उरले ते पाहा. आणि लवकर पाहा. देरामान आता थकला आहे, आणि मला त्याच्या तोंडून ते नाव अजून एकदा मोठ्याने ऐकायचे आहे.