जगदेवी आजींच्या उशाची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. माझ्या कडेला पोचा आला आहे आणि आवाजही आता थोडा बसका झाला आहे. सध्या मी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका घरात, दारालगतच्या कपाटाच्या खणात जुन्या किल्ल्यांबरोबर पडून असते.

मला अक्कलकोटच्या एका तांबटाने घडवले. होटगीजवळच्या चिमाबाईंनी मला बाजारातून नेले आणि आपल्या म्होरक्या शेळीच्या गळ्यात बांधले. माळावर मी वाजले की सगळा कळप मागे येई. पुढे चिमाबाईंचे धनी वारले आणि शेळ्या विकाव्या लागल्या. शेळी गेली, पण जाताना चिमाबाईंनी मला तिच्या गळ्यातून सोडून घेतले.

मग पन्नाशीतल्या चिमाबाई शहरात कामाला आल्या. कापडाचे दुकान चालवणाऱ्या शिवयोगींच्या आई, जगदेवी आजी, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची वाचा गेली होती. फक्त उजवा हात हलत असे. चिमाबाईंनी रात्री त्यांच्याजवळ झोपायचे, असे ठरले. पहिल्याच संध्याकाळी चिमाबाईंनी मला खाटेच्या दांडीला बांधले आणि माझी दोरी आजींच्या हातात दिली.

"आजी, कवाबी वढा. म्या हितंच हाय की."

मी वाजले की चिमाबाई उठत. पाणी पाजत, कूस बदलत, ओले झालेले अंथरूण बदलत. कधी कधी मी रात्रीतून सहा-सात वेळा वाजे. शिवयोगी पाहुण्यांना सांगत, "मावशी आल्यापासून आम्हाला रात्री उठावंच लागत नाही." ते ऐकून मला केवढा अभिमान वाटे!

गेल्या थंडीत एका पहाटे आजींना संडासला न्यायचे होते. चिमाबाईंनी त्यांना एकटीनेच उचलले आणि चिमाबाईंचा पाय घसरला. त्यांनी आजींना सोडले नाही. स्वतः खाली पडल्या आणि आजींना अंगावर झेलले. आजींना खरचटलेही नाही. चिमाबाईंच्या कमरेचे हाड मोडले.

शिवयोगी म्हणाले, "मावशी, तुम्हाला इथं झोपायला ठेवलं होतं. झोपेत पडला असाल, त्याला आम्ही काय करणार?"

"झोपंत न्हाय, मालक. तुमच्या आईला धरलं म्हणून पडले. दवाखान्याचं तेवढं बघा."

तेवढ्यात आजींनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि मी आयुष्यात कधी वाजले नव्हते इतक्या जोराने वाजत होते. शिवयोगींनी ऐकले. आई काय सांगते आहे, ते त्यांना कळलेही असावे. मग त्यांनी मला दांडीवरून सोडले आणि या खणात टाकले.

चिमाबाईंना त्यांचा पुतण्या बिरप्पा रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी नवी बाई आली.

तीन महिन्यांनी दारात काठीचा आवाज आला. चिमाबाई होत्या!

"आता तुमचा-आमचा काही संबंध नाही," दवाखान्याचे पैसे मागायला आल्या असे समजून शिवयोगी लगेच म्हणाले.

चिमाबाईंनी काठी उंबऱ्याशी टेकवली. मग हळूच म्हणाल्या, "आजीला रातच्याला लई तहान लागती. कोन देतंय पानी?"

दार लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी मावशी आजी-आजोबांपाशी रात्री झोपायला येत असतील. सकाळी त्यांना एकदा विचारा, "मावशी, रात्री कितीदा उठलात?" आणि त्या कधी पडल्या, तर त्यांना उचलायला तुम्ही धावा.