बुर्गी उठेपर्यंत

आमच्या व्हिएन्नात रविवारच्या दोन गोष्टी ठरलेल्या. भर दुपारी संगीत, आणि ते आटोपलं की घरी उकडलेलं बीफ. दोन्हींत भांडण लागलं तर बीफ जिंकतं. हे ज्याला कळत नाही त्याने सिंफनी लिहायच्या भानगडीत पडू नये. अलोइस क्रॉइत्सहूबरना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी वाद्यवृंदात नगारे वाजवतो. खरं तर मी बसतो. बाकीचे वाजवतात आणि अधूनमधून मला हाक मारतात. क्रॉइत्सहूबरमास्तरांच्या सिंफनीत तर इतकं बसावं लागे, की माणसाचं लग्न का फसलं याचा पुरता विचार होऊन जाई. मास्तर मूळचे डोंगरातल्या खेड्यातले, शाळेत शिकवायचे. पुढे इथे येऊन चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. लग्न केलं नाही. बहीण वालबुर्गा घर सांभाळायची, तिला सगळे बुर्गी म्हणत. तालमीला मास्तर टोपी हातात धरून उभे राहत आणि आम्ही चुकलो की आमचीच माफी मागत. अशा माणसाला व्हिएन्नात कोण विचारतो?

त्यांच्या नव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात एक जागा होती. कर्णे-तुताऱ्या जिवाच्या आकांताने वाजत असताना सगळं एकदम थांबायचं. मग नुसती शांतता, चांगली लांबलचक. त्यानंतर खरा शेवट. तालमीत मी त्यांना विचारलं, "मास्तर, इथे काय विसरलात?"

"विसरलो नाही हो, त्साख. लहानपणी वडील ऑर्गन वाजवायचे, मी मागे भाता मारायचो. वडील हात उचलायचे, तरी चर्च वाजत राहायचं. ते ऐकायला थांबवलंय."

"आपल्या सभागृहात गाद्यांच्या खुर्च्या आहेत. गाद्या वाजत नाहीत."

"थोडं थांबलं तर वाजतील," मास्तर म्हणाले.

पहिल्या प्रयोगाला बुर्गी गॅलरीत पुढच्या रांगेत बसली होती, पिसाची हिरवी टोपी घालून. प्रयोगानंतर मास्तर दोघा-चौघांना घरी जेवायला आणणार, आणि रश्श्यातले पिठाचे गोळे तर आयत्या वेळीच उकळत्या पाण्यात सोडावे लागतात. तेव्हा तिला शेवटाआधी निघणं भागच असे. बिचारी समजूतदार. बुटांचा आवाज संगीतात नको म्हणून ती शांतता होईपर्यंत थांबली, आणि शांतता झाल्यावर उठली.

हिरवी टोपी उठलेली सगळ्या सभागृहाने पाहिली. सख्खी बहीण उठली म्हणजे संपलंच. लोकांनी चार टाळ्या वाजवल्या आणि कोट घ्यायला धावले. पुढचं सगळं आम्ही त्यांच्या पाठींना वाजवून दाखवलं. पहिल्या रांगेत मास्तर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी एका टीकाकाराने लिहिलं, की या कृतीतली सर्वांत सुरेल जागा म्हणजे तिच्यातली शांतता.

समोर उभं राहून छडी हलवणाऱ्या आमच्या संचालकांनी सिंफनी दोनदा वाजवायचं आधीच कबूल केलं होतं. ते शब्दाला पक्के होते, म्हणून पुढच्या हिवाळ्यात आणखी एक संधी मिळाली. अट एकच होती. ती शांतता नगाऱ्याच्या घुमाऱ्याने भरायची, म्हणजे लोक उठणार नाहीत. मास्तर कबूल झाले, ते सगळ्यालाच कबूल होत. नवा कागद द्यायला स्वतः माझ्या घरी आले. त्यांचं हृदय तोवर पार थकलं होतं. जिना चढून आले आणि दाराला टेकून धापा टाकत राहिले.

"छान घुमवा हं, त्साख," एवढंच म्हणाले, आणि माझ्याऐवजी चुलीकडे बघत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. इतका गरीब स्वभाव म्हणजे छळ आहे हो.

दोन दिवसांनी बुर्गी आली. बसली नाही.

"त्साखसाहेब, खाटीक मला म्हणतो, ‘बाई, तुम्ही उठलात म्हणून मीही उठलो.’ खरंय का?"

"खरंय."

"अख्खं गाव माझ्यामुळे उठलं?"

"संचालक सोडून. त्यांना उभंच राहावं लागतं."

ती हसली नाही. "अलोइसला कळलंय?"

"नाही. त्यांना वाटतं, शांतताच वाईट आहे."

"मग तुम्ही तिथे वाजवू नका. मी उठणार नाही."

"वाजवलं नाही तर माझी नोकरी जाईल, बाई."

"आणि त्याचं काय जाईल?" बुर्गी म्हणाली.

दुसऱ्या प्रयोगाच्या रविवारी ती जागा आली. संचालकांनी माझ्याकडे हात केला. मी दोन्ही पंजे नगाऱ्यांवर दाबून धरले. संचालकांनी डोळे वटारले ते वटारलेलेच राहिले. सभागृहात शांतता पसरली आणि सगळ्या माना गॅलरीकडे वळल्या, कारण व्हिएन्नाने वर्षभर एवढंच लक्षात ठेवलं होतं की बुर्गी उठली की संपलं. बुर्गी कठडा घट्ट धरून बसली होती. घरी चुलीवर बीफ होतं आणि बघायला कुणी नव्हतं. ती हलली नाही. कुणीच हललं नाही.

मग आम्ही शेवट वाजवला. मी सगळी कसर भरून काढली. शेवटचा सूर थांबला आणि टाळी वाजेना. लोक वर बघत होते, बुर्गी आमच्याकडे बघत होती. आणि देवाशपथ सांगतो, गाद्या वाजत होत्या.

मास्तर पांढरेफटक पडून पहिल्या रांगेत उभे राहिले. मागे वळले, वर पाहिलं आणि गावाकडच्या बोलीत म्हणाले, "बुर्गे, झालं गं. ऊठ की आता."

"मला काय ठाऊक?" ती वरून म्हणाली. "शेवट मी कधी ऐकलाय?"

ती उठली. मग सगळं सभागृह उठलं, आणि ते कोटासाठी नव्हतं. बीफचा कोळसा झाला होता. माझी नोकरी टिकली, आणि मास्तरांनी तो कोळसा दोनदा मागून घेतला.

वसंतात मास्तर गेले. त्यांच्याच चर्चमध्ये प्रार्थना झाली. शेवटी ऑर्गन वाजवणाऱ्याने हात उचलले, तरी चर्च वाजत राहिलं. तेही थांबलं. बाहेर शवगाडीचे घोडे ताटकळले होते, पाद्री खाकरला. आम्ही सगळे पुढच्या बाकावरच्या हिरव्या टोपीकडे बघत होतो.

बुर्गी उठेना. मग आम्हीही बसून राहिलो.