पेटीतला खळगा

ठकूअक्कानं पेटी उलटी केली, सुलटी केली आणि पहिलं नाव बिजागरीला ठेवलं.

“ही करकरती. तुज्या गाडीच्या चाकावानी.”

“तेल सोडतो,” कुंडलिक म्हणाला.

विंझरचा हा सुतार नांगर, जू, गाडीची चाकं करण्यात पटाईत. वीतभराची वस्तू मात्र पस्तिशी उलटेपर्यंत त्यानं केली नव्हती. कुणी मागितली नव्हती, आणि न मागितलेलं काही करावं असा त्याचा स्वभाव नव्हता. पण त्या साली पाटलांच्या सुनेची आरसा-फणी ठेवायची फणेरपेटी झाकण निखळलं म्हणून त्याच्याकडे आली. काम तासाभराचं, पेटी राहिली आठ दिवस. पाटलीणबाईंचे तीन निरोप आले. तोवर हा गडी दोरा लावून तिची मापं घेत होता. मग सागाच्या फळ्या, चारदा बिघडलेले सांधे, आणि आज भाऊबीज. अक्कानं ओवाळलं, त्यानं ताटात पेटी ठेवली.

ठकूअक्का थोरली बहीण. पटकीत नवरा गेला तेव्हा ती एकोणिसाची होती. माहेरी आली तर आई नुकतीच गेलेली आणि कुंडलिक पाच वर्षांचा. पाट लावण्यासाठी दोन ठिकाणांहून विचारणं आलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, पोर जाणतं होऊ द्या. पोरं सावकाश जाणती होतात आणि स्थळं थांबत नाहीत. गाव तिला देवमाणूस म्हणे आणि हळदीला बोलवत नसे. दोन्ही एकाच तोंडानं.

“बारा वर्सं झाली, मला ह्यांनी धड पोळपाट दिला न्हाई,” कुंडलिकची बायको फुलाबाई म्हणाली. “बगू तरी, वन्सं.” तिनं झाकण उघडलं. “आरसा हितं. फणी हितं. आन् ह्यो गोल खळगा...”

ती थांबली.

पाटलांच्या सुनेच्या पेटीत त्या खळग्यात कुंकू होतं. माप घेताना कुंडलिकनं ते काढलं होतं, नंतर पुन्हा भरलं होतं, आणि तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला दिसली होती ती फक्त सव्वा बोट खोली. आता त्याच्या कपाळावर अक्कानं लावलेलं कुंकू अजून ओलं होतं आणि तिचं कपाळ त्याच्यासमोर होतं.

“आण अक्का,” तो म्हणाला. “तुकडा बसवून बुजवतो.”

“किती दीस लागलं खळग्याला?”

“तीन. चुकलंच माजं.”

“चुकलं कुठं? नीट गोल झालाय की.” तिनं कनवटीची पुडी सोडली आणि खळग्यात मिसरी ओतली. “पुडी फाटून लुगड्यात सांडती. हितं बरी ऱ्हाईल.” बोट बुडवून तिनं दाताला लावलं. मग आरशात पाहिलं. “एवढी म्हातारी झाले व्हय मी? फुले, तू तरी सांगायचंस.”

पेटीची गोष्ट पाणवठ्यावर गेली. वर्षभरात लोक नांगर दुसरीकडून करून घेऊ लागले आणि लेकीसाठी पेटी मात्र कुंडलिककडून. दहा वर्षांत वेल्ह्यापासून कापूरहोळपर्यंत त्याच्या पेट्या गेल्या. नवरीच्या पेटीला विधवेचा हात लागू नये, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुंडलिकलाही ठाऊक होतं. पेटी पुरी झाली की तो ती परसदारी नेई. अक्का तिथं डाळ निवडत बसलेली असे. ती हात धुई, पदराला पुसे आणि उजवं बोट खळग्यात घालून सावकाश एक फेरा घेई. रोज मिसरी काढणाऱ्या त्या बोटाला जे कळे ते कुंडलिकच्या डोळ्याला दिसत नसे. गिऱ्हाइकांना त्यानं हे कधी सांगितलं नाही.

वरव्याचा रखमाजी लेकीची पेटी न्यायला आला, तेव्हा अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढून तिला नीट दिसेनासं झालं होतं. रखमाजी पुढच्या ओट्यावर बसला. परसदारी अक्कानं बोट फिरवलं, अर्ध्यावर थांबवलं, मागं घेतलं आणि पुन्हा फिरवलं.

“हितं कुसळ हाय,” ती हळूच म्हणाली. “पोरीच्या बोटाला लागंल.”

कुंडलिक पेटी घेऊन पुढं आला.

“झाली का?” रखमाजीनं विचारलं.

“जरा ऱ्हायलंय, पावनं,” कुंडलिक म्हणाला, आणि काचकागदाचा तुकडा बोटाला गुंडाळून खाली बसला.